नाव खोडलेलं घंगाळ

१

गोटीरामशेठ कासारांचं शिक्षण सगळं कानानं झालं. नववीत शाळा सुटली आणि वडिलांनी त्यांना नाशिकच्या भांडीबाजारातल्या दुकानात आणून बसवलं. पहिला धडा टिचकीचा. हंडा असो की कळशी, बोटाच्या पेरानं काठावर टिचकी मारायची आणि आवाज किती वेळ तरंगतो ते ऐकत राहायचं. चीर गेलेलं भांडं कितीही घासूनपुसून आणा, बोलायला लागलं की पडसं झालेल्या माणसासारखं ओळखू येतं. एकदा बाहेरगावचा एक गोडबोल्या व्यापारी घागरी घेऊन आला. शेठनी त्याला चहा पाजला, त्याच्या पोराबाळांची चौकशी केली आणि बोलता बोलता एकेका घागरीवर बोट वाजवत गेले. कप रिकामा झाला तेव्हा निम्म्या घागरी बाजूला निघाल्या होत्या.

"या वहिनींना द्या," शेठ हसून म्हणाले, "आणि पुढच्या वेळी चहा जरा गार करून पिऊ. म्हणजे सगळ्याच बघून होतील."

तो व्यापारी पुढं त्यांचा दोस्त झाला. शेठचं सगळंच असं गोडीगुलाबीचं.

दुकानाच्या वर एक लांबट हॉल होता. सागाच्या फळ्यांची जमीन. पूर्वी तिथं माल भरलेला असे. पल्लवी मॅडम लग्न होऊन मुंबईहून नाशिकला आल्या आणि लाकडी जमीन शोधत शोधत त्या हॉलपर्यंत पोचल्या. फरशीवर उड्या मारल्या की मुलींचे गुडघे जातात म्हणे. त्यांनी एका भिंतीला आडवा दांडा ठोकला, समोर आरसे लावले आणि बॅलेचा क्लास सुरू केला. संध्याकाळी वर पियानोची टेप लागायची, मुली उड्या मारायच्या, आणि खाली फळ्यांवरची सगळी भांडी गुणगुणायला लागायची. परातींचा एक सूर, हंड्यांचा दुसरा. देवळा गावाकडून लग्नाची भांडी घ्यायला आलेली मंडळी छताकडे बघत विचारायची, "शेठ, वर मिरच्या कांडतात का काय?"

"पऱ्या उतरायला शिकतायत," शेठ म्हणायचे. "तुम्ही परात बघा."

शेठची एकुलती एक मुलगी निकिता सातव्या वर्षी त्या पऱ्यांमध्ये गेली. खरं कारण असं की शाळा सुटल्यावर ती दुकानात हंड्यांमध्ये लपून बसायची आणि गिऱ्हाइकांना दचकवायची. वर गेली तर एका जागी तरी राहील, एवढाच शेठचा हिशेब.

हॉलच्या बरोबर खाली, भिंतीशी, एक मोठं पितळी घंगाळ होतं. कासारांच्या घरात रीतच होती. मुलीच्या बारशाला एक घंगाळ तिच्या नावानं काढायचं, काठाखाली तिचं नाव घालायचं आणि लग्नात ते तिच्याबरोबर पाठवायचं. तोवर ते दुकानात राहणार, विक्रीला नाही. 'चि. निकिता' ही अक्षरं शेठनी स्वतः ठोकली होती.

२

पहिली वर्षं मॅडमनी मुलींना नाचू दिलंच नाही. दांडा धरून उभं राहायचं. टाचा जुळवायच्या, पोट आत, मान लांब. गुडघे वाकवायचे, सरळ करायचे, पुन्हा वाकवायचे. शेठना गंमत वाटायची. "फी भरतोय मी, आणि पोरगी उभं राहायला शिकतेय," असं ते शेजारच्या दुकानदारांना सांगायचे. पण आतून त्यांना ते पटलेलं होतं. तांब्याच्या पत्र्यालाही आधी नुसते ठोके खावे लागतात, मग कुठं त्याला अंग येतं.

मग उड्या सुरू झाल्या. मॅडमचा आवाज जिन्यातून खाली यायचा. "उडी कुणीही मारतं गं. खाली यायला शिका. पाय वाजला की नाच संपला!"

क्लास सुटला की निकिता घामानं ओली, केसांचा घट्ट अंबाडा बांधलेली, धावत खाली यायची आणि गादीच्या कडेला बसायची.

"पप्पा, आज माझा आवाज आला?"

ती खिडकीजवळ उभी राहते, तिच्याखाली परातींची रास आहे, हे शेठना ठाऊक होतं. कोणती मुलगी केव्हा उतरली ते त्यांना खाली बसून कळायचं.

"आला की. उजवा पाय. मिक्सरच्या भांड्यासारखा."

ती खालचा ओठ चावायची. दुसऱ्या दिवशी आवाज कमी यायचा. तिसऱ्या दिवशी आणखी कमी. बापलेकीचा हा खेळ वर्षानुवर्षं चालला. "ज्या दिवशी यायचा नाही त्या दिवशी अख्ख्या बाजाराला पेढे," असं शेठनी कबूल करून ठेवलं होतं. पुढं कित्येकदा त्यांच्या मनात आलं, की त्या प्रश्नाचं दुसरंही एखादं उत्तर देता आलं असतं. 'आला, आणि बरं वाटलं,' एवढं म्हणायला काय जात होतं?

निकिता बरंच काही शिकली. एकच गोष्ट कंटाळा न करता पुन्हा पुन्हा करायला शिकली. पडली तर कुणाच्या लक्षात यायच्या आत उठायला शिकली. पुढं टोकावर उभं राहायचे सॅटिनचे बूट आले. एकदा मोजा काढताना तिच्या अंगठ्याचं नख मोज्याबरोबर निघून आलं. तिची आई, ज्योत्स्नाबाई, किंचाळल्या. निकिता हसत होती. खोटं हसू नव्हतं ते. छान, शांत, शिकवलेलं हसू.

"दुखत नाही, मम्मी. मॅडम म्हणतात, चेहरा लोकांचा, पाय आपले."

"अहो, ऐकलंत का?" ज्योत्स्नाबाई शेठकडे वळल्या. "चौदा वर्षांची पोर आहे. तिला दुखलं तर दुखतं म्हणू दे की."

"शिस्त आहे ती," शेठ म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी नखाची ती गोष्ट त्यांनी गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगितली.

३

पेढ्यांचा दिवस त्याच वर्षीच्या पावसाळ्यात आला.

वर पियानो चालू होता. मुली एकेक करून उतरत होत्या. समया थरथरल्या, तपेली बोलली. निकिताची पाळी आली. शेठनी वही मिटली आणि कान दिला. परातींची रास गप्प. पुन्हा तिची पाळी. परातीवर ठेवलेली तुळशीची वाळकी मंजिरीसुद्धा हलली नाही.

ती खाली आली. "पप्पा?"

"नाही आला," शेठ म्हणाले. "देवाशप्पथ, नाही आला."

पेढे वाटले. पल्लवी मॅडमही एक पेढा घेऊन, हसून, स्कूटरवर निघून गेल्या. निकिता आईबरोबर घरी गेली. वर कुणी उरलं नव्हतं. हॉलची किल्ली शेठच्या गल्ल्यात होती. बाहेर अजून उजेड होता. शेठ दुकानासमोर साचलेलं पाणी झाडत होते, तेव्हा मागून आवाज आला.

धप्प.

हलका, मऊ. एखाद्या मुलीचा पाय फळीवर टेकावा तसा. उजवा पाय.

शेठनी वळून पाहिलं. फळ्या गप्प, पराती गप्प. आवाज छतातून आला नव्हता. ते घंगाळाजवळ गेले आणि त्याच्या पोटावर तळवा ठेवला. पितळ थरथरत होतं, आणि थोडं कोमट होतं.

रविवार कारंजा चौकातून एखादा ट्रक गेला असेल, त्यांनी स्वतःला समजावलं. दिवसा उकाड्यानं धातू फुगतो, संध्याकाळी आखडतो. चाळीस वर्षं धातूत काढलेल्या माणसाला याचं काय नवल! त्यांनी शटर ओढलं. ओढता ओढता आतून आणखी एकदा आला. डावा.

४

घरी आधी ज्योत्स्नाबाईंच्या लक्षात आलं.

"अहो, ती जिन्यावरून आलेली कळत नाही मला. मी पोळ्या करत असते, मागं वळते, तर ही उभी."

"नाचणारी मुलगी आहे. गाय आहे का, घंटा वाजवत यायला?"

"चेष्टा नको. काल तिनं जेवून ताट ओट्यावर ठेवलं. ठेवलं म्हणजे हातातून सुटलंच जवळजवळ. स्टीलचं ताट, अहो. वाजलं नाही."

शेठ हसले. दुसऱ्या दिवशी जेवताना मात्र त्यांनी लक्ष ठेवलं. निकितानं वाटी सरकवली, चमचा ताटात टाकला, पाण्याचा पेला ठेवला. ज्योत्स्नाबाईंचा पेला टणकन् वाजला. निकिताचा नाही. माणसाला सवयीनं जे ऐकू येतं ते काही काळ मनातूनच वाजत राहतं, म्हणूनच की काय, इतके दिवस त्यांना चुकल्यासारखं वाटलं नव्हतं. चमचा पडताना दिसला आणि त्यांच्या कानात त्याची जागा मोकळी राहिली.

"निकिता, जरा पाय आपट बरं," ते मजेत म्हणाले.

ती उठली. पाय उचलून जोरात आपटला. तिच्या पोटरीची शीर ताठ झाली, अंबाड्यातून एक पिन निसटली. पिन पडल्याचा आवाज आला.

"शाब्बास!" शेठ म्हणाले.

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. हसत होती ती. तेच हसू, नखाच्या वेळचं.

त्यानंतर क्लास सुटल्यावर ती गादीच्या कडेला येऊन बसे आणि प्रश्न तोच विचारी, फक्त त्यातली आशा उलटी झालेली.

"पप्पा, आज आला का? आज मी मुद्दाम टाचेवर उतरले. मॅडम ओरडल्यासुद्धा. थोडा तरी आला असेल ना?"

"अजिबात नाही," शेठ सांगायचे. त्या वेळी त्यांना ते कौतुकच वाटत होतं.

५

दसऱ्याच्या साफसफाईला गोजराबाई आल्या. चिंच लावून भांडी उजळायचं त्यांचं काम जुनं. त्यांनी घंगाळाच्या कड्या धरल्या, ओढलं आणि सोडलं.

"शेठ, यात काय भरलंय? हालत नाय."

"रिकामं आहे हो. दरवर्षी एकट्या उचलता तुम्ही."

"मंग तुम्ही उचला ना."

शेठनी वाकून पाहिलं. आत काहीच नव्हतं, तळाशी त्यांचाच चेहरा पिवळा होऊन दिसत होता. दोघांनी मिळून ते काट्यावर चढवलं. बुडाला लाल रंगात त्याचं वजन लिहिलेलं होतं. काटा त्याच्या पुष्कळ पुढं जाऊन थांबला. शेठनी काटा बिघडलाय असं ठरवलं. शेजारच्या दुकानातला काटा आणला. तोही तेवढाच बिघडलेला निघाला.

"हे मी घासत नाय बा," गोजराबाई पदर खोचत म्हणाल्या. "आतून कुनी तरी पाय मारतंय, पोटुशी बाईच्या पोटात मारावा तसा."

शेठनी त्यांना चहाला बसवलं आणि विषय त्यांच्या नातवावर नेला. पण दुपारी ते जिना चढून वर गेले. एवढ्या वर्षांत क्लासच्या हॉलमध्ये ते कधी गेले नव्हते; मुलींचा क्लास, पुरुषानं कशाला डोकवायचं. पल्लवी मॅडम आरसा पुसत होत्या.

"मॅडम, निकिता कशी आहे?"

मॅडमनी कपडा खाली ठेवला. "शेठ, खरं सांगू? इतकी वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते तिला येतंय. पण ते मी शिकवलेलं नाही."

"म्हणजे?"

"उडी मारल्यावर सगळ्या मुली सुरावर खाली येतात. ही येते, पण सूर संपल्यावर. थोडीच उशिरा. आधी मला वाटलं, माझंच चुकतंय. मग मी आरशात बघायला लागले." त्या थांबल्या. "आता मी बघत नाही. पाठ फिरवून टाळ्यांनी ताल देते."

"क्लास बंद करू का तिचा?"

"मी तिला सांगून पाहिलं. म्हणते, पप्पांना आवाज येईपर्यंत यायचंय." मॅडमनी पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "तुम्ही तिला रोज काय सांगता हो?"

खाली गिऱ्हाईक आलंय, असं म्हणून शेठ जिना उतरले. 

६

धनत्रयोदशीच्या आधी भांडीबाजारात पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत, भर दुपारी, घंगाळ दोनदा वाजलं. एक बाई घाबरून मागं सरकली आणि समई न घेताच गेली. शेठना राग आला, आणि रागामागं भीतीही. गिऱ्हाईक पांगल्यावर ते उठले आणि त्यांनी घंगाळाला टिचकी मारली.

घंगाळ बोललं नाही.

पुन्हा मारली. दगडावर बोट वाजवल्यासारखी ती टिचकी जागच्या जागी मेली. पितळाचा सूर नाहीच. आणि इथं गोटीरामशेठच्या मनाला एकदम आधार सापडला. जे भांडं बोलत नाही त्याला चीर आहे. कुठंतरी आत, डोळ्याला न दिसणारी. चीर आहे म्हणून हे असलं वाजतं. वजनाचं काय, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही. चिरलेलं भांडं मोडीत घालायचं, वितळवायचं आणि नवं करायचं. हे त्यांना झोपेतसुद्धा कळत होतं. मुलीच्या लग्नात चिरलेलं घंगाळ कोण देतो? दिवाळीनंतर याहून मोठं करू तिच्यासाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टीवाल्या यादवचा टेम्पो मोड न्यायला आला. कासारांची आणखी एक रीत होती. नाव घातलेलं भांडं भट्टीत जाण्याआधी नाव छिन्नीनं खोडायचं, जित्या माणसाचं नाव आगीत घालायचं नाही. शेठ मांडी घालून बसले, घंगाळ आडवं केलं आणि छिन्नी लावली. 'चि.' गेलं. 'नि' गेलं. ठोके बसत होते, पण आवाज मुका होता, ओल्या मातीवर मारल्यासारखा. 'कि' गेलं. शेवटचा 'ता' खोडला आणि घंगाळ वाजलं.

स्वच्छ. लांब. अगदी नव्या, निर्दोष पितळासारखं. तो सूर दुकानभर फिरला, सगळ्या हंड्यापरातींनी तो उचलला आणि कितीतरी वेळ तो खाली आला नाही.

शेठ छिन्नी हातात धरून बसून राहिले. याला चीर नव्हती. कधीच नव्हती.

"शेठ, उरका!" टेम्पोवाला ओरडला. "मागं गाड्या लागल्यात!" गल्लीत हॉर्न वाजत होते, दारात तीन गिऱ्हाइकं उभी होती. नाव तर खोडून झालं होतं. ते परत कसं घालायचं? शेठनी मान हलवली. पोरांनी घंगाळ उचलून टेम्पोत टाकलं. उचलताना दोघांना धाप लागली.

घरी कळल्यावर ज्योत्स्नाबाई एवढंच म्हणाल्या, "मला विचारायचं तरी होतं."

७

संध्याकाळी क्लास होता. दिवाळीच्या सुटीआधीचा शेवटचा. शेठ गल्ल्यावर बसले होते. वर पियानो लागला. मुली उतरू लागल्या, भांडी गुणगुणली. मग टेप मध्येच बंद झाली. कुणी ओरडलं नाही, पळालं नाही. फक्त पायांचे आवाज थांबले, आणि थांबलेलेच राहिले.

शेठ जिन्यावरून वर गेले.

मुली दांड्याला पाठ लावून रांगेत उभ्या होत्या. पल्लवी मॅडम टेपवर हात ठेवून, खाली मान घालून उभ्या. मधोमध निकिता. दोन्ही हात गोल धरलेले, मान लांब, चेहरा हसरा. अनवाणी पाय टोकदार ताणलेले, जमीन शोधत असल्यासारखे. मागच्या भिंतीला खाली पांढरी पट्टी होती. ती पट्टी तिच्या पावलांखालून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग दिसत होती.

जमिनीपासून जास्त वर नाही. बोटभर असेल.

आरशात बघायचं शेठनी टाळलं. तरी एकदा नजर गेलीच. आरशात मुलींची रांग होती, मॅडम होत्या, दारात धोतराचा सोगा धरून उभा असलेला एक म्हातारा माणूस होता. मधल्या जागेकडे त्यांनी पाहिलं आणि झटकन मान वळवली. तिथं काय होतं ते त्यांनी पुढं ज्योत्स्नाबाईंनाही सांगितलं नाही.

"पप्पा," निकिता म्हणाली. आवाज तिचाच, गोड, दमलेला. "आता तरी आला का?"

"आला," शेठ म्हणाले. "आला बेटा. खूप मोठा आला. सगळी भांडी वाजली."

आयुष्यभर त्यांनी गोड बोलून माल विकला होता, पण इतकं वाईट खोटं ते कधी बोलले नव्हते. तिच्या चेहऱ्यावरचं हसू पहिल्यांदा सुटलं. ती लहान मुलीसारखी दिसायला लागली. शेठ धावले, गुडघ्यांवर बसले आणि तिच्या पावलांखाली दोन्ही तळवे धरले. टाचांच्या चिरा हाताला लागल्या, नखाची रिकामी जागा लागली. भार लागला नाही.

८

यादवकडे ते त्याच संध्याकाळी गेले होते.

"शेठ, तुमचा माल काय वेगळा ठेवायचा असतो का?" यादव म्हणाला. "सगळ्यात पडला. ओतून झाला. निरांजनं केली बारकी, वणीच्या चैत्रातल्या यात्रेची ऑर्डर आहे." त्यानं पोत्यातून मूठभर काढून दाखवली. शेठ पोत्याशेजारी बसले आणि एकेक निरांजन तळहातावर तोलत राहिले. सगळी सारखी. पण तिथं पोती पुष्कळ होती, आणि काही आधीच रवाना झाली होती.

डॉक्टरांनी निकिताचं हिमोग्लोबिन कमी आहे असं सांगितलं. मॅडमनी हॉलची किल्ली परत दिली. दांडा आणि आरसे तसेच सोडून गेल्या. ज्योत्स्नाबाईंनी दुकानातली जुनी लोखंडी वजनं निकिताच्या शाळेच्या दप्तरात शिवली. दप्तर पाठीला असलं की ती चालते. बघणाऱ्याला वाटतं, अभ्यासू मुलगी आहे. झोपताना आई चादरीची चारही टोकं गादीखाली खोचते. याबद्दल त्या घरात कुणी बोलत नाही. शेठ पूर्वीसारखेच गिऱ्हाइकांशी हसतात, फक्त भांड्याला टिचकी मारत नाहीत.

चैत्रात ते निकिताला घेऊन वणीला गेले. देवीसाठी, असं घरात सांगितलं. ऊन कडक होतं, यात्रेला माणसांचा पूर. पिपाण्या, उसाचा रस, खेळण्यांचे ढीग. शेठनी तिचा हात हातात घट्ट धरला होता आणि एकेका पितळेच्या दुकानापुढं थांबून दुसऱ्या हातानं निरांजनं उचलून बघत होते. गावोगावचे दुकानदार ओळखीचे. "शेठ, तुम्ही आणि खरेदी?" असं विचारायचे. शेठ हसून पुढं सरकायचे.

एका दुकानापुढं एकाएकी त्यांचा हात खाली ओढला गेला.

निकिताच्या चपला मातीत रुतल्या होत्या. पाठीवरच्या वजनांसकट तिचा सगळा भार आला होता, गुडघे वाकले होते, ती वेड्यासारखी स्वतःच्या पायांकडे बघत होती. तिनं एक पाऊल टाकलं. खडी वाजली. "पप्पा!" ती म्हणाली.

दुकानाच्या कडेला एक म्हातारी उभी होती, कपाळभर कुंकू, हातात कापडी पिशवी. तिनं एक निरांजन उचलून तळहातावर खालीवर केलं.

"एवढासा दिवा, आन लय जड हाय!" ती बरोबरच्या बाईला कौतुकानं म्हणाली. "खरा माल हाय बाई." तिनं पैसे दिले, दिवा कमरेच्या ओच्यात खोचला आणि वळली.

"आजी!" शेठ ओरडले. "ओ आजी, थांबा जरा!"

सुरगाण्याची जीप भरून निघतच होती. माणसं टपावर, मागच्या शिडीवर. म्हातारीला दोघांनी हात देऊन आत ओढलं. शेठ दोन पावलं धावले आणि तिसऱ्या पावलाला थांबले. मध्ये माणसांची भिंत होती. जीप गाठायची तर दोन्ही हातांनी गर्दी सारायला हवी होती, आणि त्यांचा एक हात निकिताच्या हातात होता. तिच्या चपलेखालची खडी पुन्हा गप्प झाली होती.

"सोडा पप्पा," निकिता म्हणाली. "तुम्ही पळा. मी धरते कुठंतरी."

धरायला आसपास काही नव्हतं. तंबूचा एक बांबू होता, तोही चार हात दूर. शेठनी जीपकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. तिची मान लांब झाली होती, खांदे खाली, आणि चेहऱ्यावर ते हसू परत यायला लागलं होतं.

जीप वळणाआड गेली. धूळ उरली. शेठनी दुसरा हातही तिच्या मनगटावर आवळला. ओढ वरच्या बाजूला होती, आणि थोडी वाढली होती.